रंग घरचा, पण डोळे सांभाळून

फाल्गुन लागला की आमच्या गावाबाहेरच्या माळावर पळस फुलतो आणि दवाखान्यात दोन तऱ्हेची माणसे येऊ लागतात. काही रंगपंचमी झाल्यावर लाल डोळे आणि खाजणारी कातडी घेऊन येतात. काही आधीच विचारून जातात, "डॉक्टर, पोरांना रंग कोणता देऊ?" या दुसऱ्या मंडळींसाठी गेल्या वर्षी मी याच सदरात घरगुती रंगांवर लिहिले होते. त्या लेखात माझ्याकडून एक चूक झाली. आज ती दुरुस्त करायची आहे.

हळदीत चुना कालवला की लालभडक रंग होतो, असे मी लिहिले होते. ते खरेच आहे. हळदीतले पिवळे द्रव्य चुना, सोडा किंवा साबण लागताच तांबडे होते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल दिसतो, तो यामुळेच. पण चुना कोणी आणि कसा हाताळायचा, हे लिहायचे राहून गेले.

रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी एक गृहस्थ नऊ वर्षांच्या मुलीला उचलून धावतच आले. मागोमाग तिची आई. मुलीने आजोबांच्या पानाच्या डब्यातली चुन्याची प्लास्टिकची पुडी घेतली आणि हळदीच्या वाटीवर धरून जोरात दाबली. पुडी फुटली आणि चुना उजव्या डोळ्यात उडाला. शेजारणी म्हणत होत्या, तूप घाला, गुलाबपाणी घाला. आईने कोणाचे ऐकले नाही. मोरीत नळाखाली डोळा धरला आणि ती धूत राहिली. मी पापणी उलटवून कापसाने चुन्याचे कण काढले, सलाइनच्या बाटलीने आणखी अर्धा तास डोळा धुतला आणि त्यांना लगेच नेत्रतज्ज्ञांकडे धाडले.

चार दिवसांनी वडील भेटायला आले. खिशातून घडी घातलेले कात्रण काढले. माझाच लेख! ते रागावले नव्हते. "तुमचं वाचूनच करत होती," एवढेच म्हणाले. मुलीची नजर वाचली. बुबुळाच्या कडेला एक बारीक पांढरा ठिपका मात्र राहिला आहे. ती रस्त्यात दिसली की मला तो लेख आठवतो.

चुना अल्कली आहे. तो डोळ्याच्या पडद्यात खोल शिरत जातो आणि कण पापणीखाली अडकून राहिले तर जाळत राहतो. म्हणून वाचकहो, हे पाठ करून ठेवा. डोळ्यात चुना गेला तर जागच्या जागी स्वच्छ पाण्याने डोळा निदान अर्धा तास धुवा. चोळू नका. दूध, मध, तूप, लिंबू काहीही घालू नका. मग विनाविलंब डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. डॉक्टर शोधण्यात पहिली दहा मिनिटे गेली तर नुकसान होते. पाणी तर घरातच असते.

आता रंगांकडे वळू. चुन्याशिवाय भरपूर रंग होतात.

केशरी : पळसाची वाळलेली फुले रात्रभर पाण्यात भिजवा किंवा उकळा. सकाळी फडक्यातून दोनदा गाळा. फुलांचे तुकडे डोळ्यात गेले तर टोचतात.

पिवळा : एक वाटी हळद, दोन वाट्या बेसन. कोरडाच वापरा. कपड्यावरचा डाग धुऊन कडक उन्हात वाळवला की फिकट होतो.

गुलाबी : बिटाच्या चकत्या पाण्यात टाकून ठेवा. फार उकळू नका, रंग उतरतो.

हिरवा : पालक वाटून, पाणी घालून गाळून घ्या.

हे पाण्याचे रंग आदल्या रात्री करावेत आणि दुसऱ्या दिवशी संपवावेत. उन्हाळ्याच्या तोंडावर ते लवकर आंबतात. ज्यांना दमा आहे त्यांनी कोरड्या पिठापासूनही लांबच राहावे. तान्ह्या बाळांना रंग नकोच, मेंदीही नको. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक दोष असतो आणि मेंदीने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते.

झाडाचे आहे म्हणजे निर्धोक, हा समजही काढून टाका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळ धूसर होते. धोतरा हाताळून डोळे चोळले तर बाहुली मोठी होते आणि दिसेनासे होते. बिब्ब्याचे तेल कपड्यावर खूण करायला वापरत, पण कातडीवर त्याने फोड येतात. कण्हेर तर पोटात गेल्यास जिवावर बेतते. मुले फुले गोळा करायला निघाली की ही चार झाडे त्यांना आधी दाखवा.

बाजारच्या स्वस्त रंगांची वकिली मी करत नाही. मोरचूद, शिसे, पारा यांची संयुगे अशा रंगांत सापडलेली आहेत आणि वार्निशात कालवलेला चंदेरी रंग तर आठवडाभर निघत नाही. घरचा रंग त्याहून शतपटीने बरा. फक्त करताना शेजारी मोठे माणूस हवे. खेळायला जाण्यापूर्वी अंगाला आणि केसांना खोबरेल तेल चोळा, चष्म्याऐवजी लेन्स वापरत असाल तर त्या काढून ठेवा.

आणि ज्यांच्या घरी गेल्या वर्षीचे ते कात्रण अजून जपून ठेवलेले असेल, त्यांना एक विनंती. त्यातल्या हळद-चुन्याच्या ओळीवर आज पेनने काट मारा.