आंब्यावरचं बिऱ्हाड

बाळापूरला लोक येतात ते मन आणि म्हैस या नद्यांच्या काठचा किल्ला पाहायला, फार तर मिर्झाराजे जयसिंगांची छत्री पाहायला. माझी पावलं मात्र आधी मामांच्या शेताकडे वळतात. तिथल्या एका वनस्पतीचा मी अपराधी आहे.

शाळेत असतानाची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांनी जुन्या आंब्यावरची बांडगुळं काढायला घेतली. फांदीच्या बेचक्यात एक वेगळाच झुबका होता. पन्हळीसारखी जाड पानं, खोडावर सुतळीसारखी पसरलेली पांढुरकी मुळं. ‘‘मामाजी, हे बी काढू काय?’’ मी विचारलं. ‘‘काढ बाप्पा, थे बी झाडाचं रगत पेते!’’ मी हिसडा देऊन उपटला.

आठवड्यानं बांधावर पाहतो तर बांडगुळं वाळून कोळ झालेली, आणि हा झुबका चक्क फुललेला! पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी चौकडा, मधोमध निळी-जांभळी पाकळी आणि मंद गोड वास. झाडाचं रक्त पिणारा झाडाविना फुलतो कसा? मामाही बुचकळ्यात पडले.

तो वांडा होता, आपल्याकडचं ऑर्किड. बांडगूळ यजमान झाडाच्या लाकडात मूळ घुसवून त्याचं पाणी ओढतं. वांडा झाडावर फक्त बिऱ्हाड थाटतो, यजमानाच्या ताटातलं काही घेत नाही. त्याच्या मुळांवर मेलेल्या पेशींचं टिपकागदासारखं आवरण असतं. पावसाचं, दवाचं पाणी ते क्षणात शोषतं. ओलं झालं की पांढरं मूळ हिरवट दिसू लागतं. शिवाय पानं आपली रंध्रं रात्री उघडतात आणि दिवसा मिटून घेतात. वऱ्हाडातल्या मे महिन्यात टिकायचं तर दुपारी दारं-खिडक्या लावून बसणं आलंच. आपण तरी दुसरं काय करतो?

मामांची चूक मात्र फार जुनी आहे. संस्कृतातला ‘वंदा’ हा शब्द झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींना सरसकट लावत, बांडगुळासकट. अठराव्या शतकात सर विल्यम जोन्स यांनी तोच शब्द या ऑर्किडसाठी उचलला आणि १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी ‘वांडा’ ही प्रजाती शास्त्रात रुजवली, तीही आपल्या या चौकडीच्या फुलावरून. आज जगभरच्या फुलबाजारांत वांडा मिरवतो. त्याची पहिली ओळख आपल्या बांधावरची, हे आपल्यालाच ठाऊक नसतं. आपल्याकडे तो उपटला जातो तो बांडगूळ म्हणून, नाहीतर संधिवातावरची रास्ना म्हणून. खरी रास्ना कोणती यावर वैद्यांचंही एकमत नाही, ते असो.

उपटलेला परत येणं सोपं नाही. एका बोंडात धुळीसारखं बारीक बी हजारोंनी असतं, पण त्याच्यापाशी शिदोरी नसते. योग्य बुरशी भेटली आणि तिनं भरवलं, तरच कोंब धरतो. ऑर्किडच्या रुजण्यातलं बुरशीचं हे काम फ्रान्सच्या नोएल बर्नार्ड यांनी १८९९ मध्ये ओळखलं. पुढे फूल यायला वर्षं लागतात. खरखरीत सालीचं जुनं झाड त्याला लागतं ते यासाठीही.

मामांनी त्या वेळी काथ्यानं तो झुबका पुन्हा आंब्यावर बांधला होता. तो जगला, पसरला. मामा गेले. आंबा पोकळ झाला आणि गेल्या उन्हाळ्यात मामेभावानं तो तोडायला काढला. त्याचंही चूक नव्हतं. वादळात फांदी अंगावर येण्याची भीती होती. कुऱ्हाड लागण्याआधी मी शिडी लावली. या खेपेस हिसडा दिला नाही. सालीच्या ढलप्यासकट मुळं सोडवली आणि विहिरीजवळच्या कडुनिंबाला बांधली.

पावसाळ्यात मामेभावाचा फोन आला. ‘‘एक पांढरं मूळ लिंबाच्या सालीले चिकटलं, टोक हिरवं हाय. आता सुतळी सोडू काय?’’

म्हटलं, एवढ्यात नको.