एप्रन, ब्युरेट आणि अंदाजपंचे

नाशिकच्या द्राक्षबागांकडे जाणारे दिंडोरी रोड आणि पेठ रोड हे दोन्ही रस्ते शहरातल्या पंचवटीतूनच बाहेर पडतात. लोकनेते व्यंकटराव हिरे महाविद्यालयासारखं विज्ञान शाखेचं कॉलेज इथे असल्यामुळे एफ.वाय.च्या केमिस्ट्री लॅबमध्ये द्राक्षबागेत वाढलेला एखादा मुलगा हमखास दिसावा. नवाकोरा एप्रन, बाहीवर अजून इस्त्रीची घडी, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. समोरच्या मांडणीवर निळ्या खड्यांची बाटली असते, तिच्यावर 'कॉपर सल्फेट'. हे म्हणजे आपलं मोरचूद, हे त्याच्या लगेच लक्षात येत नाही. आणि मोरचुदाशी त्याची जुनी ओळख असते. एक टक्का बोर्डो मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. ड्रम प्लॅस्टिकचा, लोखंडाचा नाही. मिश्रण जमलं की नाही हे बघायला त्यात विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुना हवा. ज्याने हे केलंय त्याने 'एंड पॉइंट' हा शब्द ऐकण्याआधीच एंड पॉइंट काढलेला असतो.

म्हणून 'लॅबमधली केमिकल्स वेगळी, घरातली वेगळी' हा गैरसमज आधी काढायला हवा. तो दोन्ही बाजूंनी नडतो. एक मुलगी प्रत्येक बाटलीला घाबरते, तर दुसरा म्हणतो, "घरी बाथरूमला ॲसिड टाकतोच की!" बाथरूममधलं ते ॲसिड बहुधा हायड्रोक्लोरिकच असतं. त्याच फरशीवर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो, तो काही पदवी विचारत नाही. उलट, टायट्रेशनला दिलेलं ०.१ नॉर्मल ॲसिड बाटलीतल्या तीव्र ॲसिडच्या, म्हणजे सुमारे १२ नॉर्मलच्या, शंभराव्या हिश्श्याहूनही सौम्य असतं. धोका नावात नसतो. तीव्रता किती, मात्रा किती आणि शेजारी काय ठेवलंय, यावर तो ठरतो. हे तिन्ही लेबल वाचून आणि मोजून कळतं, अंदाजाने नाही.

पण 'डायल्यूट म्हणजे पाणीच' असंही नाही. सौम्य सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब एप्रनवर उडाला की काही होत नाही, डागही दिसत नाही. पाणी उडून जातं, ॲसिड मात्र उडत नाही. ते धाग्यात मागे राहून तीव्र होत जातं आणि सुती कापडाचं सेल्युलोज खातं. दोन दिवसांनी एप्रन धुतला की तिथे भोक! घरी आईचा संशय वॉशिंग मशीनवर.

ॲसिडला सगळे भितात, अल्कलीला कुणी भीत नाही, हे मला सर्वांत चमत्कारिक वाटतं. कॉस्टिक सोड्याचं द्रावण बोटाला लागलं की बुळबुळीत, साबणासारखं लागतं. साबणासारखं काय, तो साबणच असतो. आपल्याच त्वचेतल्या चरबीचा झालेला. डोळ्यात ॲसिड गेलं तर वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि ॲसिड आत शिरायला थोडा अडसर होतो. अल्कलीला तसा अडसर नाही, ती आत आत मुरत जाते. आणि ब्युरेट भरताना तिचं तोंड डोळ्यांच्या वर असलं तर? म्हणून ब्युरेट स्टँडवरून खाली घेऊन, फनेल लावून भरायची. नंबरचा चष्मा हा गॉगल नव्हे, त्याच्या बाजू उघड्या असतात.

ॲसिड लागलं तर वर सोडा चोळायचा, हा सल्ला घरोघरी मिळतो. आम्ल अधिक अल्कली बरोबर मीठ अधिक पाणी, हे समीकरण पाठ असतं; त्यात उष्णताही निघते हे समीकरणात लिहिलेलं नसतं. त्वचेवर उपाय एकच, आणि तो नळाला आहे: वाहतं पाणी, निदान पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. त्याच वेळी सरांना हाक. सोडा बायकार्बचा डबा ओट्यावर सांडलेल्या ॲसिडसाठी असतो, अंगासाठी नव्हे.

'ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नाही' हा नियम सगळ्यांना येतो, पण तो बहुतेकांना मंत्रासारखाच येतो. कारण असं: तीव्र सल्फ्युरिक ॲसिडची घनता १.८४, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ दुप्पट. वरून पाणी ओतलं तर ते तरंगत राहतं आणि मिसळण्याच्या उष्णतेने तिथल्या तिथे उकळून ॲसिडसकट तोंडावर उडतं. उलट केलं तर जड ॲसिड खाली जातं आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते.

पिपेटबद्दल आमच्या पिढीने काही बोलू नये. आम्ही ती तोंडाने ओढायचो आणि त्यात कौशल्य मानायचो. आता रबरी बल्ब असताना तोंड लावायचं काही कारण नाही. तोंड लावलं की शेवटी फुंकर मारायचाही मोह होतो, आणि तिथे रीडिंगही चुकतं. टोकाशी जो थेंब अडकून राहतो तो धरूनच फुगीर पिपेटची खूण केलेली असते. टोक फ्लास्कच्या काचेला टेकवायचं, बाकीचं सोडून द्यायचं. जी सवय तोंड वाचवते तीच आकडाही वाचवते.

आता मार्कांकडे. प्रॅक्टिकलमध्ये 'बरोबर उत्तर' आलं पाहिजे, ही समजूत इतकी घट्ट आहे की सिनियरचं जर्नल मिळवणं हीच अनेकांची पहिली तयारी असते. पण सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून त्याची तीव्रता दर वेळी ऑक्झॅलिक ॲसिडसारख्या भरवशाच्या पदार्थाने ठरवावी लागते. मागच्या वर्षीच्या बाटलीचा आकडा यंदाच्या बाटलीला लागूच नसतो. ९.८, ९.९, ९.८ आलं की सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, ९.८. तिन्ही वेळा १०.० लिहिणारी जर्नलं शिक्षकाला लांबून ओळखू येतात, कारण इतकं गुळगुळीत काम हाताने होत नसतं. ब्युरेटवरची बारीक रेघ ०.१ मिलिलिटरची आणि एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा, थोडा फरक पडणारच. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग अर्ध्या मिनिटाने फिका पडला म्हणून आणखी थेंब टाकणारेही खूप. तो रंग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच जातो; प्रयोग चुकलेला नसतो. चुकलं असेल तर जर्नलमध्ये आकडा एका रेघेने खोडावा, शेजारी नवा लिहावा. व्हाइटनर लावू नये.

वासाचं प्रकरण वेगळं. मिक्स्चर ओळखताना दुसऱ्या ग्रुपसाठी हायड्रोजन सल्फाइड लागतो. डच औषधविक्रेता पेत्रुस याकोबस किप याने १८४४ च्या सुमारास बनवलेलं काचेचं उपकरण त्यासाठी वर्षानुवर्षं वापरलं गेलं. सडक्या अंड्यांच्या वासावरून केमिस्ट्री डिपार्टमेंट सापडावं, अशी ख्याती. 'वास येत नाही म्हणजे गॅस गेला' हे इथे उलटं पडू शकतं. हा वायू अगदी अल्प असताना उग्र वासाने जाणवतो, पण हवेत १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास थांबला तर आधी बाहेर जायचं, विचार नंतर. कुठलाही वायू हुंगताना नळी नाकाशी न्यायची नाही, हाताने वारा घालून घ्यायचा.

ग्लोव्हज घातले की निर्धास्त, असंही नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये कॅरन वेटरहान या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या हातावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. हातात लेटेक्सचे ग्लोव्हज होते. द्रव त्यांतून काही सेकंदांत आरपार गेला आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. एफ.वाय.च्या लॅबमध्ये असलं विष नसतं हे खरं, पण बर्नरशी काम करताना पातळ ग्लोव्हज वितळून बोटाला चिकटतात, आणि ग्लोव्हजच्याच हाताने मोबाइल उचलला की तो पुढे कानाला लागतो. एप्रन सुती, केस बांधलेले, ओढणी आत, हे त्यापेक्षा जास्त कामाचं. आणि बूट! कॉलेज सुरू होतं ऐन पावसात. जुलैत सगळे फ्लोटर्स घालून येतात आणि सांडलेलं नेमकं पायावरच पडतं.

राहिलं सिंक. 'नळ सोडला की गेलं.' जातं कुठे? शहराच्या मलजल शुद्धीकरणाचं मोठं केंद्र रामकुंडापासून थोडं खाली, तपोवनात आहे. तिथलं मुख्य काम जिवाणू करतात. ते मैला खातात, क्रोमियम खात नाहीत. पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण त्यांना उलट मारक. म्हणून सिंकजवळ 'क्रोमियम' अशी चिठ्ठी लावलेला कॅन असला, तर टायट्रेशन संपल्यावर फ्लास्क त्यात रिकामा करायचा, आणि पहिल्यांदा विसळलेलं पाणीसुद्धा.