दाढ दुखायची थांबली म्हणजे बरी झाली का?

"आठ दिवस दाढ ठणकत होती, लवंग धरली, आता काही त्रास नाही." असे सांगणारे रुग्ण आम्हाला नेहमी भेटतात. पण रात्रीची झोप उडवणारी ठणक आपोआप थांबली, तर बहुतेक वेळा दाढ बरी झालेली नसते. आतली नस मेलेली असते.

हे कसे होते ते पाहू. बिस्किटे, चहा, पेढे यांतल्या साखरेपासून तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे वरचे कठीण आवरण झिजू लागते. या आवरणात संवेदना नसते, म्हणून कीड लागत असताना काहीच कळत नाही. कीड आतल्या थरात गेली की थंड, गोड खाल्ल्यावर कळ येते. नसेपर्यंत पोचली की ठणका सुरू होतो. नस मेली की दुखणे थांबते, पण जंतू मुळातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, गाल सुजतो. सुरुवातीला आलात तर एका बैठकीत सिमेंट भरून काम भागते. ठणका लागल्यावर रूट कॅनाल करून कॅप बसवावी लागते, नाहीतर दाढ काढावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे, आणि त्यांतले दर चारपैकी तिघे भारतासारख्या मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. आपल्याकडे गावातल्या दुकानात पाच रुपयांचा बिस्किटपुडा कधीच पोचला, दातांचा डॉक्टर मात्र अजून तालुक्याच्या गावीच. तिथे जायचे म्हणजे एक रोजगार बुडतो, उपचाराचे पैसे खिशातूनच जातात. मग दुखेपर्यंत थांबायचे आणि दुखायचे थांबले की विसरायचे, असे होते. यात दोष रुग्णाचा नाही, असे मला वाटते.

दुखणे दाबण्याच्या उपायांपैकी मिश्री सर्वांत घातक. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती हिरडीला लावली की थोडे बधिर वाटते, म्हणून अनेक जणी दाढदुखीवर औषध म्हणून सुरू करतात आणि मग ती सुटत नाही. घरात आई किंवा सासूबाई मिश्री लावत असतील तर त्यांना रागावू नका, आधी दाढ दाखवायला घेऊन जा. (दुखऱ्या दाताशेजारी अ‍ॅस्पिरिनची गोळी धरणेही टाळा, त्याने हिरडी भाजते.)

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू आणि सुपारी सहज मिळते. तोंडाच्या कर्करोगाच्या जगातल्या दर तीन नव्या रुग्णांपैकी साधारण एक भारतीय असतो. आणि हा आजारही सुरुवातीला दुखत नाही. म्हणून महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड पाहा. गालाच्या आत, जिभेच्या कडांना आणि जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर लगेच दाखवा. आपलीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तिखट झोंबत असेल, तर सुपारी-गुटख्याने तोंड आखडू लागले असण्याची शक्यता असते. तेव्हा सुपारी त्याच दिवशी बंद करायला हवी.

रोजचे म्हणाल तर फ्लोराइड असलेली पेस्ट आणि मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी नक्की. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट द्या. झोपताना तोंडात दुधाची बाटली ठेवू नका. मधुमेह असेल आणि हिरड्यांतून रक्त येत असेल, तर दोन्ही डॉक्टरांना सांगा, कारण हिरड्यांच्या आजाराने साखरही आटोक्यात राहत नाही.

सूज गळ्याकडे उतरली, ताप आला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. एरवी खर्चाची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागात चौकशी करा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तिथे खासगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात उपचार होतात. तिथे रांग असते, सकाळी लवकर पोचा आणि आधीचे एक्स-रे सोबत न्या.