दोन स्वल्पविरामांच्या आत काय ठेवायचे?

समजा, अतिवृष्टीनंतर भोकर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लागली : ‘पीक विमा भरलेल्या शेतकऱ्यांनी पंचनाम्यासाठी शेतात थांबावे.’ विमा न भरलेला शेतकरी ती वाचून आपल्या कामाला जाईल. आता हीच सूचना अशी लिहिली : ‘शेतकऱ्यांनी, विमा भरलेला असो वा नसो, पंचनाम्यासाठी शेतात थांबावे.’ मग मात्र गावातल्या प्रत्येकाने थांबायला हवे. कोण थांबणार आणि कोण जाणार, हे ठरवणारी भाषा नेमकी असलीच पाहिजे.

मजकूर काढून पाहा

पहिल्या सूचनेतून ‘पीक विमा भरलेल्या’ हे शब्द काढले, तर ती भलत्याच लोकांना लागू होते. म्हणजे ते शब्द आवश्यक. त्यांच्याभोवती स्वल्पविराम नको. दुसरीतून ‘विमा भरलेला असो वा नसो’ काढले तरी हुकूम तोच राहतो, फक्त खुलासा जातो. असा जादा मजकूर दोन स्वल्पविरामांत ठेवावा.

दुसरा स्वल्पविराम हमखास विसरला जातो. ‘भोकर, नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर आहे’ हे वाक्य ‘ठिकाण’पाशी अडखळते. तिथे स्वल्पविराम दिला की सरळ होते.

‘जो–तो’ची वाक्ये

इंग्रजीत आवश्यक उपवाक्याला स्वल्पविराम देत नाहीत. तो नियम मराठीवर लादू नये. ‘ज्यांनी विमा भरला आहे, त्यांनी थांबावे’ यात पहिला भाग अगदी आवश्यक आहे, तरी स्वल्पविराम येतो. कारण तिथे एक वाक्य संपून दुसरे सुरू होते. मोडी लिखाणात आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. १९व्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती इंग्रजीवरून मराठीत रुजवली. चिन्हे तिकडून आली, पण वाक्याची घडण आपलीच राहिली.

नामाआधीचे विशेषण

इथे खरी अडचण आहे. ‘भिजलेले सोयाबीन बाजूला ठेवा’ म्हणजे भिजलेले तेवढेच. सगळेच भिजले असेल, तर ते कुठलाही स्वल्पविराम सांगू शकत नाही. वाक्यच बदलावे लागते : ‘सोयाबीन सगळे भिजले आहे, ते बाजूला ठेवा.’

प्रत्यय दोन्हीकडे

मध्ये घातलेल्या खुलाशाला मूळ शब्दाचाच प्रत्यय लावावा : ‘नांदेडहून, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाहून, पथक येईल.’ ‘नांदेडहून, जिल्ह्याचे ठिकाण, पथक येईल’ हे मराठी नव्हे.

वारस नोंदीचा कागद

‘मयताचा मुलगा गणेश’ असे लिहिले, तर मुले अनेक असू शकतात आणि त्यांतला हा गणेश. ‘मयताचा मुलगा, गणेश,’ असे लिहिले, तर मुलगा एकच असल्याचे सूचित होते. पण जमिनीच्या कागदात एवढा मोठा अर्थ एवढ्याशा चिन्हावर सोडू नये. ‘थोरला मुलगा’ किंवा ‘एकुलता एक मुलगा’ असे शब्दांतच लिहावे.