न फुटणारे बुडबुडे

भाजी घेताना हात ओले असले की पातळ प्लास्टिकची पिशवी उघडताना काय होतं, आठवून पाहा. दोन्ही पदर असे चिकटतात की बोटं चोळून चोळून जीव मेटाकुटीला येतो. आता अशाच ओल्या पिशव्या, पण खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, आपल्या छातीत कोट्यवधी आहेत. मोजणाऱ्यांचे आकडे तीस कोटींपासून पन्नास कोटींपर्यंत जातात. सगळ्या उलगडून पसरल्या, तर जवळजवळ बॅडमिंटनचं कोर्ट झाकतील. रात्रंदिवस त्या फुगतात, आक्रसतात, पुन्हा फुगतात. मग त्या चिकटून का बसत नाहीत?

खरं तर बसायला हव्यात! अळूच्या पानावर पाण्याचा थेंब टाका, तो गोल होऊन बसतो. पाण्याचे रेणू एकमेकांना आत ओढून धरतात. पाण्याला आपला पृष्ठभाग शक्य तितका लहान करायचा असतो. फुफ्फुसातल्या अशा प्रत्येक पिशवीला, म्हणजे वायुकोशाला, आतून पाण्याचं अस्तर आहे आणि तेही कोशाला असंच आत खेचतं. त्यातून गंमत अशी की बुडबुडा जितका लहान, तितका त्याच्या आतला दाब जास्त. साबणाचे दोन बुडबुडे, एक लहान आणि एक मोठा, नळीनं जोडले तर लहान बुडबुडा आपली हवा मोठ्याला देऊन मोकळा होतो. म्हणजे या नियमानं आपले लहान वायुकोश मोठ्यांत रिकामे होऊन कधीच मिटायला हवे होते.

कर्ट फॉन नीरगार्ड या स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञानं १९२९ साली डुकराची फुफ्फुसं आधी हवेनं फुगवली, मग द्रवानं. द्रवानं ती फारच कमी दाबात फुगली! आत सगळीकडे द्रवच भरला की ओढणारा पृष्ठभागच उरत नाही. म्हणजे फुफ्फुस मिटवू पाहणारी मोठी ताकद त्याच्या लवचिक तंतूंत नाही, पाण्याच्या त्या अस्तरात आहे. इतकं मोठं रहस्य हाती लागलं आणि जवळजवळ पाव शतक कुणी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढचा धागा सापडला तो नको त्या जागी. इंग्लंडमधल्या पोर्टन डाऊन या लष्करी प्रयोगशाळेत रिचर्ड पॅटल विषारी वायूंमुळे फुफ्फुसात साचणाऱ्या फेसाचा अभ्यास करत होते. फेस मोडणारी औषधं या फेसावर चालेचनात. साधा बुडबुडा पाण्यात हळूहळू आक्रसून नाहीसा होतो. हे बुडबुडे मात्र ढिम्म. १९५५ साली पॅटल यांनी निष्कर्ष काढला की या बुडबुड्यांवरचा ताण जवळजवळ शून्य आहे. फुफ्फुसात काहीतरी साबणासारखं आहे!

साबणासारखं म्हटलं खरं, पण साबणाला हे जमत नाही. अमेरिकी लष्कराच्या रासायनिक प्रयोगशाळेत जॉन क्लेमंट्स यांनी १९५७ साली ते मोजून दाखवलं. फुफ्फुसातल्या या पदार्थाचा थर ताणला की त्याची ओढ वाढते, दाबला की कमी होत होत जवळजवळ नाहीशी होते. श्वास सोडताना कोश लहान होतो, थरातले रेणू दाटीवाटीनं उभे राहतात आणि मिटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो नेमक्या त्याच क्षणी पाण्याची ओढ गळून पडते. हा पदार्थ म्हणजे सर्फॅक्टंट. मुख्यतः स्निग्ध पदार्थ, थोडी प्रथिनं. कोशाच्या भिंतीतल्या खास पेशी तो तयार करतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखा घड्या घालून साठवतात.

आता दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाकडे या. त्याच्या बरगड्या आत ओढल्या जातात आणि प्रत्येक उच्छ्वासाला ते कण्हतं. ते कण्हणं हीसुद्धा एक नवलाईच आहे. स्वरयंत्र अर्धवट मिटून बाळ थोडी हवा आत कोंडून ठेवतं, कोश मिटू नयेत म्हणून! अशा दगावलेल्या बाळांच्या फुफ्फुसांत डॉक्टरांना काचेसारखा एक पडदा दिसायचा आणि विसाव्या शतकाचा अर्धा भाग त्या पडद्यावरच्या वादात गेला. बाळानं गर्भजल ओढून घेतलं असेल, दूध श्वासनलिकेत गेलं असेल, हृदय कमकुवत असेल. जो तो आत काय शिरलं ते शोधत होता.

मेरी एलन एव्हरी या तरुण डॉक्टरनं प्रश्नच उलटा केला: आत काय नाही? जेरे मीड यांच्यासोबत तिनं या बाळांच्या फुफ्फुसांचा अर्क तपासला. ओढ कमी करणारा तो पदार्थ त्यात तुटपुंजा होता. हे १९५९ साल. पडदा म्हणजे जखमी भिंतींतून पाझरलेली प्रथिनं, परिणाम, कारण नव्हे. छत गळून भिंतीला आलेल्या ओलीलाच पाऊस समजावं, तसं आजवर चाललं होतं.

मग प्रश्न मिटला? कुठला! १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंहून थोडं जास्त. जगातल्या सर्वांत बलाढ्य घरातलं ते बाळ याच आजारानं ३९ तासांत गेलं. पुढे सिंगापूरमध्ये क्लेमंट्स ज्यात होते त्या गटानं कृत्रिम स्निग्ध पदार्थाचा बारीक फवारा बाळांना देऊन पाहिला. निराशा झाली. इतकी, की फुफ्फुसाला रक्तच कमी पोहोचत असेल, अशी शंका त्याच गटानं काढली. शुद्ध स्निग्ध पदार्थ प्रथिनांशिवाय पृष्ठभागावर भराभर पसरतच नाही, हे उमगायला वेळ लागला.

तिकडे न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स वेगळंच कोडं सोडवत होते: प्रसूती सुरू कशानं होते? मेंढीच्या पोटातल्या कोकराला त्यांनी स्टेरॉइड दिलं. कोकरू इतकं लवकर जन्मलं की ते मेलेलंच असायला हवं होतं. पण ते श्वास घेत होतं! स्टेरॉइडनं त्याची फुफ्फुसं वेळेआधी पिकली होती. रॉस हाउई यांच्यासोबत लिगिन्सनी १९७२ साली २८२ मातांवरचा स्टेरॉइडचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि तो यशस्वी ठरला. तरी डॉक्टर पुढची वीस वर्षं बिचकत राहिले. वैद्यकीय पुरावे तोलणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या बोधचिन्हातल्या आडव्या रेघा याच उपचाराच्या प्रयोगांच्या आहेत, हे मला कळलं तेव्हा ते चिन्ह मी पुन्हा नीट पाहिलं.

आणि वादाची एक फेरी आपल्या अंगणातही झाली. सहा देशांतल्या सुमारे एक लाख जन्मांच्या प्रयोगात नागपूर आणि बेळगाव परिसरही होता. २०१५ चा निकाल चक्रावणारा होता: गावपातळीवर मातांना स्टेरॉइडची ही इंजेक्शनं देणं वाढवलं तर फार कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू थोडे वाढले. इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ मातांची प्रसूती मुळात लवकर झालीच नव्हती. मग २०२० साली भारतासह पाच देशांत, सोनोग्राफीनं दिवस नक्की करून, सुसज्ज रुग्णालयांत तेच औषध दिलं. फायदा इतका उघड दिसला की प्रयोग मुदतीआधीच थांबवला.

बाहेरून सर्फॅक्टंट देण्यातली कोंडी मात्र बरीच आधी फोडली होती ती जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी. गाईच्या फुफ्फुसातून काढलेला सर्फॅक्टंट त्यांनी दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडला आणि १९८० साली निकाल छापला. प्राणवायू रक्तात भराभर उतरू लागला होता. त्या कामातून पुढे आलेल्या औषधाचा एका किलोच्या बाळाला लागणारा डोस चार मिलिलिटर, चहाचा चमचाही पुरता भरत नाही.

आता नवजात बालकांच्या डॉक्टरांचा वाद या चमचाभर द्रवाच्या वाटेवर आहे. जाड नळीनं द्यावा, बारीक नळीनं, की नळी न घालताच? सिंगापूरमध्ये फसलेला तो फवारा नव्या यंत्रांतून पुन्हा आजमावला जातोय.