दिव्याविना पिल्लांना ऊब कशी द्यावी?

अंड्यातून बाहेर पडलेल्या कोंबडीच्या पिल्लाला पहिले दोन दिवस दाणा मिळाला नाही तरी ते तग धरू शकते. जन्मापूर्वी पोटात ओढला गेलेला बलक त्याला तेवढा काळ पुरतो. ऊब मात्र थंडीच्या एका रात्री काही तास तुटली, तरी पिल्ले दगावू शकतात. परसात ५० किंवा १०० पिल्ले आणलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने वीजपुरवठा खंडित होणे ही म्हणूनच केवळ गैरसोय नसते. त्या रात्रीवर पुढील वर्षभराची अंडी आणि उत्पन्न अवलंबून असते.

मध्य प्रदेशातील जबलपूर शहराच्या अधारताल भागात या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट दिसते. राणी दुर्गावतीचे दिवाण आधारसिंह यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या तलावावरून हा भाग ओळखला जातो. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा परिसर येथेच आहे. जबलपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९४८ सालची. त्या वेळी हे शहर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. आता हे महाविद्यालय २००९ मध्ये स्थापन झालेल्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विश्वविद्यालयाचा भाग आहे. हिंगोली जिल्ह्यात जन्मलेल्या नानाजींचे नाव असलेल्या या विद्यापीठाचे कुक्कुटपालन केंद्र अधारतालला आहे. तेथील संशोधनातून ‘जबलपूर कलर’ आणि ‘नर्मदानिधी’ हे पक्षी पुढे आले. नर्मदानिधीमध्ये २५ टक्के कडकनाथ आणि ७५ टक्के जबलपूर कलर यांचे रक्त आहे.

आई नसलेली पिल्ले

परसातील कुक्कुटपालनासाठी देशात अशा अनेक सुधारित जाती तयार झाल्या आहेत. हैदराबादच्या संस्थेची वनराजा आणि बंगळूरची गिरिराज या महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्याही परिचयाच्या आहेत. या कोंबड्या गावठी कोंबडीपेक्षा जास्त अंडी देतात, पण त्यामागे एक कारण दडलेले आहे. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसू लागली, की तिचे अंडी घालणे थांबते. त्यामुळे जास्त अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना खुडूकपणा आपोआप मागे पडत गेला. कडकनाथ ही तर मूळची झाबुआ परिसरातील देशी जात. परंतु तिच्या माद्याही अंड्यांवर फारशा बसत नाहीत. आदिवासी कुटुंबे कडकनाथची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवत आली आहेत.

याचा परिणाम असा, की यंत्रात उबवलेले सुधारित पिल्लू शेतकऱ्याच्या हाती येते ते आईविना. आईची जागा विजेच्या दिव्याने घेतली. आता तोही आधार पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेनंतर घरोघरी एलईडी दिवे आले. जुना तारेचा बल्ब विजेचा बहुतांश भाग उष्णतेत घालवत असे, आणि पिल्लांना उपयोग होता तो या ‘वाया’ जाणाऱ्या उष्णतेचाच. घरातला एलईडी दिवा पिल्लांवर टांगला तर उजेड मिळेल, ऊब मिळणार नाही.

किती ऊब लागते?

प्रौढ कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. जेमतेम ३५-४० ग्रॅम वजनाच्या पिल्लाला ते स्वतःच्या बळावर टिकवता येत नाही. वजनाच्या मानाने त्याच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा असल्याने उष्णता झपाट्याने निसटते. अंगावरील मऊ लव फारशी रोखू शकत नाही, आणि ती ओली झाली तर मुळीच नाही. खरी पिसे येण्यास चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश तापमान असावे आणि दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी उतरवावे, असा सर्वसाधारण नियम आहे. जबलपूरला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा १० अंशांखाली जाते. भरून काढायचा फरक एवढा मोठा आहे. मात्र संपूर्ण खोली तापवण्याची गरज नसते. कोंबडी तरी कोठे खोली तापवते? ती पिल्लाच्या पाठीला वरून ऊब देते, खालची जागा कोरडी ठेवते आणि पिल्लाला पंखाखाली येण्या-जाण्याची मोकळीक देते. वीज नसताना करायचे ते हेच.

गावठी कोंबडीची मदत

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे खुडूक गावठी कोंबडी. मध्यम आकाराची कोंबडी थंडीत दहा-बारा पिल्लांना पंखाखाली घेऊ शकते. बाहेरून आणलेली पिल्ले तिने स्वीकारावीत यासाठी ती एक-दोन दिवसांचीच असावीत. रात्री अंधारात, ती अंड्यांवर बसलेली असताना, एकेक पिल्लू हळूच तिच्याखाली सरकवावे आणि अंडी काढून घ्यावीत. सकाळी तिने चोच मारली तर पिल्ले लगेच वेगळी करावीत. कोंबडीच्या अंगावर उवा किंवा गोचिडी नाहीत, तिला रोग नाही, हे आधी पाहावे.

शंभर पिल्लांना हा उपाय पुरणारा नाही. तेथे कोंबडीचे काम वस्तूंकडून करवून घ्यावे लागते.

पेंढा, घोंगडी आणि गरम पाणी

पिल्ले स्वतःही उष्णता निर्माण करतात. ती अडवून धरली तर बाहेरची कमी लागते. इथिओपियात प्रसार झालेली पेंढ्याची पेटी याच तत्त्वावर चालते. लाकडी पेटीच्या आत चहूबाजूंनी पेंढा दाबून भरतात, मध्ये पिल्लांपुरती गोल जागा ठेवतात आणि रात्री वरून झाकतात. आपल्याकडे बांबूचे डालगे, भाताचा पेंढा, गोणपाट आणि जुनी घोंगडी यांतून अशी जागा करता येते. घोंगडी पिल्लांच्या पाठीला अलगद टेकेल इतकी खाली असावी. तिच्या कडा शिवून घ्याव्यात, कारण सुटलेला धागा पिल्लाच्या पायात किंवा मानेत अडकतो. झाकण हवाबंद मात्र कधीही नसावे.

पहिल्या आठवड्यात थंडीच्या दिवसांत एवढ्याने भागत नाही. तेव्हा गरम पाणी उपयोगी पडते. १० लिटर पाणी ७० अंशांवरून ४० अंशांपर्यंत निवताना जी उष्णता देते, ती ६० वॅटच्या बल्बने पावणेसहा तासांत दिलेल्या उष्णतेइतकी असते. पाणी घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून त्यांना गोणपाट गुंडाळावे आणि ते पिल्लांच्या मधोमध ठेवावेत. एका मोठ्या डब्याऐवजी दोन-तीन लहान डबे घेऊन ते आळीपाळीने बदलले, तर ऊब एकदम कमी होत नाही. डबा गळत नाही याची खात्री करावी. भिजलेले पिल्लू सर्वांत आधी गारठते.

बिछान्याचेही महत्त्व तेवढेच आहे. थंड फरशीवर भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या भुश्याचा किमान ५ सेंटिमीटर जाड, कोरडा थर द्यावा. ओला झालेला भाग रोज काढावा, अन्यथा त्यातून अमोनिया वायू सुटतो. पिल्लांभोवती पुठ्ठ्याचे गोल कुंपण करावे. ते जमिनीलगतचा वारा अडवते, आणि कोपरा नसल्यामुळे पिल्ले एका जागी चेंगरत नाहीत.

शेगडीचा धोका

अनेक ठिकाणी कोळशाची किंवा भुश्याची शेगडी वापरली जाते. तिने मोठ्या संख्येतील पिल्लांना ऊब मिळते, परंतु जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. थंडी अडवण्यासाठी सर्व फटी बंद केलेल्या खोलीत तो पिल्लांबरोबर माणसांचाही जीव घेऊ शकतो. शेगडी बाहेर पेटवून धूर संपल्यावरच आत आणावी, पण धूर थांबला म्हणजे वायू थांबला असे नव्हे. त्यामुळे छताजवळ हवा खेळती राहील अशी जागा उघडी असलीच पाहिजे. शेगडीभोवती जाळी असावी, तूस आणि पेंढा दूर असावा, आणि त्या खोलीत कोणीही झोपू नये.

पिल्लांकडे पाहा

तापमापक नसला तरी पिल्लांच्या वागण्यावरून अंदाज येतो. उबेभोवती दाटी करून ती मोठ्याने चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. उबेपासून दूर जाऊन, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त झाली आहे. सगळी एकाच बाजूला गोळा झाली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. सर्वत्र विखरून शांतपणे दाणे टिपणारी किंवा झोपलेली पिल्ले सुखात असतात. पहाटेपूर्वीचा थंड प्रहर सर्वांत नाजूक असतो. त्या वेळी एकदा उठून पाहणे आवश्यक आहे. गारठलेली पिल्ले एकमेकांवर चढतात, आणि खालची गुदमरून मरतात.

ज्यांना हे शक्य नाही, त्यांनी कडाक्याच्या थंडीत एकदिवसीय पिल्ले न आणलेली बरी. फेब्रुवारीच्या उत्तरार्धानंतर आणल्यास निम्मे काम हवामानच करते. दुसरा मार्ग म्हणजे चार आठवडे वाढवलेली पिल्ले घेणे. त्यांची किंमत अधिक असते, पण उबेची कठीण अवस्था त्यांनी पार केलेली असते. २०२१ मध्ये फेररचना झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात पिल्ले चार आठवड्यांपर्यंत सांभाळणाऱ्या केंद्रांसाठी अनुदानाची तरतूद करण्यात आली. या केंद्रांना ‘मदर युनिट’ असे म्हटले जाते. सुधारित जातींच्या पिल्लांना नेमके काय मिळालेले नसते, हे त्या नावातच आले आहे.