दोषाचे वाटेकरी

नोव्हेंबर २०२५. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर कंटेनरने गाड्या चिरडल्या, दोन अवजड वाहनांत अडकलेली मोटार पेटली आणि रात्रीपर्यंत जो तो म्हणू लागला, चूक ट्रकवाल्याची. तीन वर्षांपूर्वी, २०२२च्या नोव्हेंबरात, याच उतारावर गाड्यांचा असाच चुराडा झाला होता. तेव्हाही लोक हेच म्हणाले होते.

ही सवय जुनीच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. पुढची दहा वर्षं आपण किती लवकर पोहोचलो हेच एकमेकांना सांगत होतो. डिसेंबर २०१२ मध्ये उर्शाजवळ दुभाजक ओलांडून आलेल्या टेम्पोने अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे यांना नेलं, पेंडशांच्या चिमुकल्या मुलालाही. सगळे टेम्पोचालकावर तुटून पडले. भरधाव टेम्पो पलीकडे येऊ शकतो असा दुभाजक कोणी ठेवला, हे फार थोड्यांनी विचारलं.

त्या पहिल्या दशकात मी हा रस्ता डोळे उघडे ठेवून पाहिला. चढावर तिसरी लेन अडवून बसलेले ट्रक होते. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे होते; मग सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. कडेला रिफ्लेक्टरविना उभे असलेलेही होते. पण डावीकडून घुसून ट्रकच्या तोंडासमोर ब्रेक मारणारे मोटारवाले काय कमी होते? भरलेला ट्रक मोटारीसारखा जागच्या जागी थांबत नाही, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. मागच्या सीटवर पट्टा लावणं तर कमीपणाचं वाटे. आणि मालक? चालकाला दिवसाला आठ तासांचं काम, हा कायदा १९६१ पासून आहे. तो पाळणारा मालक मला भेटलेला नाही.

२०१६ मध्ये या मार्गावर १५१ माणसं गेली. त्याच सुमारास सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्तासुरक्षा संस्था आणि रस्ते विकास महामंडळ यांनी अपघात एकेक करून तपासायला घेतले. चालकाबरोबर रस्ता, कठडा, उभी वाहनं, सगळंच पाहिलं. मृत्यू घटले. त्या कामाचं मोल आपण ओळखलं नाही, याची मला आजही चीड येते.

ऑगस्ट २०२२ मध्ये याच मार्गावर नेते विनायक मेटे गेले. त्यांची मोटार ट्रकवर मागून आदळली होती. तरी आधी ट्रकचीच शोधाशोध झाली. मोटारचालकावर गुन्हा काही महिन्यांनी नोंदला गेला. जानेवारी २०२४ मध्ये पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या कलमाविरुद्ध ट्रकचालक रस्त्यावर उतरले. थांबलो तर जमाव जीव घेईल, हे त्यांचं म्हणणं संपामुळे लागलेल्या पेट्रोलच्या रांगेतल्या कोणाला ऐकायचं नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात महामार्गावर अचानक थांबलेल्या मोटारचालकावर ५० टक्के, बसचालकावर ३० आणि जखमी दुचाकीस्वारावर २० टक्के दोष ठेवला. अशी वाटणी पंचनाम्यापासूनच सुरू व्हायला हवी. चालक किती तास जागा होता, ब्रेक शेवटचे कधी तपासले, मालकाने कोणती वेळ गाठायला सांगितली होती आणि नवले पुलाच्या त्या उतारावर सही कोणाची आहे, हे सगळं त्यात नावानिशी लिहा.